मंगळाच्या अंगावरील व्रण

इ. स. १८६५ च्या ऑगस्ट महिन्याच्या २५ तारखेस बिहारमधील गया जिल्ह्यांत, शेरघाटी या गांवीं, आकाशांतून एक दगड पडला. त्याचें वजन सुमारें ५ किलो होतें. आकाशांतून दगड पडणें ही गोष्ट विरळ असली तरी अगदींच अपूर्व नव्हे. परंतु १८७२ सालीं खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव चेर्माक यांनीं या दगडाची तपासणी केली, तेव्हां त्यांस त्यांत एक चमत्कारिक पदार्थ आढळला. बाहेरून पाहावें तर स्फटिकाचा आकार जसाच्या तसा. आंत पाहावें तर स्फटिकाची रचना मुळींच नाहीं, नुसती काच. एखाद्या वाड्याच्या भिंती, दारें आणि छप्पर जागच्या जागीं दिसावें, परंतु हात लावून पाहतां एकही वीट दुसरीशीं सांधलेली नसावी, तसाच हा प्रकार. ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांच्या नांवावरून या पदार्थास मॅस्केलिनाइट असें नांव देण्यांत आलें.

यानंतर शंभर वर्षांनीं आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या तळाशीं छिद्रें पाडून खालचा दगड वर काढण्यांत आला. त्या दगडांतही तोच पदार्थ निघाला.

शेरघाटीच्या दगडाचा लोणारच्या सरोवराशीं संबंध काय, आणि या दोहोंचा रात्रीं आकाशांत तांबूस दिसणाऱ्या मंगळाशीं संबंध काय, हें मला आज आपणांस सांगावयाचें आहे. तो संबंध एका शब्दांत सांगतां येतो. तो शब्द म्हणजे आघात. मोठा आघात झाला म्हणजे जमिनीवर त्याचा व्रण राहतो, आणि दगडाच्या कणाकणांतही राहतो. असे लाखों व्रण मंगळाच्या अंगावर आहेत. ते कसे पडले, ते वाचावे कसे, आणि वाचणाऱ्यांची फसगत कोठें झाली, हा आजचा विषय आहे.

प्रथम फसगतीचीच गोष्ट सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्बिणींतून मंगळ पाहणाऱ्या कांहीं ज्योतिषांस त्यावर सरळ रेषांचें जाळें दिसूं लागलें. इटलींतील स्कियापारेल्ली यांनीं १८७७ सालीं त्या रेषांस आपल्या भाषेंत जें नांव दिलें, त्याचा अर्थ कालवे असाही होत होता. अमेरिकेंतील पर्सिव्हल लॉवेल यांनीं तर हे कालवे तेथील बुद्धिमान रहिवाशांनीं खणले, असें आग्रहानें प्रतिपादिलें. मंगळ हा शेतीवाडीचा, पाण्याच्या टंचाईशीं झगडणारा मुलूख आहे, अशी समजूत त्यामुळें पुष्कळ लोकांत पसरली. त्या काळांतल्या नकाशांवर शेंकडों कालवे आहेत. विवर मात्र एकही नाहीं.

१९६५ च्या जुलै महिन्यांत मॅरिनर-४ हें अमेरिकन यान मंगळाजवळून गेलें व त्यानें २२ छायाचित्रें पाठविलीं. त्यांत कालवा एकही नव्हता. त्याऐवजीं चंद्रावर दिसतात तशीं वाटोळीं विवरें होतीं. सत्तरांहून अधिक मोजतां आलीं. लोकांची समजूत एका आठवड्यांत उलटी फिरली. मंगळ हा दुसरा चंद्रच. तेथें कधीं पाऊस नाहीं, नदी नाहीं, कसली घडामोड नाहीं. तो जन्मापासूनच मृत आहे, असें आतां पुष्कळ जण म्हणूं लागले. परंतु त्या छायाचित्रांत मंगळाचा केवळ शंभरावा हिस्सा आला होता, आणि योगायोगानें तो बहुतांशीं त्याच्या पृष्ठभागाच्या अतिशय जुन्या भागापैकीं होता. एखाद्या परक्या प्रवाशानें आगगाडीच्या खिडकींतून खंडाळ्याचा घाट तेवढा पाहावा आणि सारा महाराष्ट्र बोगद्यांचाच आहे, असें घरीं जाऊन सांगावें, त्यांतलीच ही गत झाली. १९७१ सालीं मॅरिनर-९ हें यान मंगळाभोंवतीं फिरूं लागलें आणि त्यानें ७,००० हून अधिक छायाचित्रें धाडलीं. तेव्हां सुमारें २२ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी, ४,००० किलोमीटर लांबीची दरी, आणि फांद्याफांद्यांनीं पसरलेलीं कोरड्या नद्यांचीं पात्रें दृष्टीस पडलीं. विवरांनीं खोटें सांगितलें नव्हतें. तीं थोडीं पाहून निकाल देण्याची घाई मात्र माणसांनीं केली होती.

आतां विवर कसें होतें तें पाहूं. घरीं करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतों. एका परातींत चार बोटें जाडीचा पिठाचा थर पसरावा, तो सारखा करावा आणि वरून हळदीची पातळ पूड भुरभुरावी. मग हात उंच करून एक गोटी सोडून द्यावी. खळगा पडतो, त्याच्या कडेस उंचवटा येतो, आणि खालचें पांढरें पीठ उसळून पिवळ्या हळदीवर चोहोंकडे किरणांसारखें पसरतें. मंगळावरील विवरांत हे तीनही भाग दिसतात. तिसऱ्या भागाकडे आपण विशेष लक्ष द्यावें. जें आंत दडलेलें होतें तें आघातानें उपसून वर मांडलें जातें. खणण्याचे श्रम न करतां जमिनीच्या पोटांतलें पाहावयाचें असेल, तर विवराभोंवतीं पसरलेलें डबर पाहावें.

परंतु हा प्रयोग दोन बाबतींत फसवा आहे. परातींत गोटी शिल्लक राहते; आणि ती तिरपी फेंकली तर खळगा लांबट होतो. मंगळावर यांपैकीं कांहीं होत नाहीं. तेथें येणारा दगड एका सेकंदास सुमारें १० किलोमीटर या वेगानें येतो. या वेगानें मुंबईहून पुणें बारा सेकंदांत गांठतां येईल. असा एक किलो वजनाचा दगड जी शक्ति बरोबर घेऊन येतो, ती त्याच्याच वजनाच्या सुरुंगाच्या दारूच्या दहा-बारा पट असते. शिवाय जमिनींतून धक्का जितक्या वेगानें पुढें पसरतो, त्याहूनही या दगडाचा वेग अधिक असतो. त्यामुळें खालच्या खडकास बाजूस सरावयास अवसरच मिळत नाहीं. तो जागच्या जागीं चिरडला जातो, वितळतो, कांहीं अंशीं त्याची वाफ होते. येणाऱ्या दगडाचीही बहुधा तीच गति होते. म्हणजे हा खळगा धक्क्याच्या स्फोटानें उडालेला असतो. स्फोट चोहों बाजूंस सारखाच पसरतो, म्हणून दगड कोणत्याही दिशेनें आला तरी विवर प्रायः वाटोळें होतें. दगड जमिनीस अगदीं घासत आला, तरच तें लांबट होतें.

विवर दगडाच्या आकाराच्या दहा ते वीस पट रुंद होतें. लहान विवर वाटीसारखें असतें. मंगळावर सहा-आठ किलोमीटरांहून मोठें विवर झालें तर त्याच्या मध्यभागीं एक डोंगर उभा राहतो. पाण्यांत थेंब पडल्यावर मधोमध पाण्याचा एक लहानसा खांब उसळतो, तसाच दाबला गेलेला खडक मागें उसळून येतो आणि तेथेंच थिजतो. सर्वांत मोठ्या आघातांचे व्रण तर विवर म्हणण्यापलीकडचे आहेत. मंगळाच्या दक्षिण गोलार्धांतील हेलास नांवाचा खळगा सुमारें २,३०० किलोमीटर रुंद आणि ७ किलोमीटरांहून अधिक खोल आहे. त्याची एक कड मुंबईस ठेवली तर दुसरी कलकत्ता ओलांडून पुष्कळ पुढें जाईल. हा आघात सुमारें चार अब्ज वर्षांपूर्वीं झाला.

येथें कोणी विचारील, कीं वाटोळा खळगा दिसला म्हणजे तो आघाताचाच कशावरून? ज्वालामुखीचें मुखही वाटोळेंच असतें. हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचा निकाल लागण्याच्या कामीं आपल्या लोणारनें मोठी साक्ष दिली आहे. लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. तें दख्खनच्या काळवत्री दगडांत, म्हणजे सहा-साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाच्या थरांत आहे. विष्णूनें लवणासुराचा वध केला ती ही जागा, असें आपलें स्थलमाहात्म्य सांगतें, आणि दैत्यसूदनाचें सुंदर देवालय तेथें आहे. शास्त्रज्ञांपैकीं बऱ्याच जणांचें मत मात्र, सगळा मुलूखच लाव्हाचा असल्यामुळें, हें ज्वालामुखीचें काम असावें, असें होतें. मग सरोवराच्या तळाखालीं छिद्रें पाडण्यांत आलीं, आणि गाळाच्या खालीं चिरडलेल्या दगडांचा थर लागला. त्या दगडांत मॅस्केलिनाइट सांपडलें, आणि १९७३ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. हा पदार्थ होण्यास आपल्या हवेच्या दाबाच्या दोन-तीन लाख पट दाब एका क्षणांत यावा लागतो. असा दाब कोणत्याही ज्वालामुखीस आणतां येत नाहीं. तो आकाशांतून येणाऱ्या दगडासच आणतां येतो. अशा रीतीनें लोणारचा वाद मिटला.

मंगळाच्या पृष्ठभागाचा फार मोठा भाग लोणारसारख्याच काळ्या लाव्हाच्या खडकाचा आहे. वर दिसणारा तांबडा रंग हा लोखंडाच्या गंजानें माखलेल्या धुळीचा आहे. चंद्र व मंगळ यांवरील विवरांचा अभ्यास करणारे देशोदेशींचे शास्त्रज्ञ लोणारला येतात, तें याच कारणानें. अशा खडकांतलें आघाताचें विवर, आणि तेंही चांगलें टिकलेलें, पृथ्वीवर फार दुर्मिळ आहे.

तें दुर्मिळ कां असावें? मंगळावर एक किलोमीटर किंवा त्याहून रुंद अशीं विवरें मोजण्यांत आलीं आहेत, आणि त्यांची संख्या ३,८४,००० हून अधिक भरली. पृथ्वीवर आघाताचीं म्हणून सिद्ध झालेलीं स्थळें सुमारें दोनशें. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्मा, वस्तुमान एक दशांश. तेव्हां दगडांचा मारा पृथ्वीवर कमी झाला असेल असें मुळींच नाहीं. परंतु पृथ्वीवर पाऊस आहे, नद्या आहेत, झाडांचीं मुळें आहेत. जमिनीचे मोठमोठे पट्टे सरकतात, एकमेकांखालीं जातात आणि पोटांत वितळतात. या सर्वांनीं मिळून जुने व्रण पुसून टाकले. मंगळ लहान, म्हणून लवकर निवाला. त्याची हवा आपल्या हवेच्या शतांशाहूनही विरळ राहिली. त्याच्या दक्षिणेकडील बहुतेक भूभाग साडेतीन अब्ज वर्षांहून जुना असून अजून उघडा पडलेला आहे. पृथ्वीच्या बालपणीं तिच्यावर काय कोसळलें याचा वृत्तांत पृथ्वीवर जवळजवळ उरलाच नाहीं. त्याच काळांतला शेजारच्या घरचा वृत्तांत मात्र मंगळानें जपून ठेवला आहे.

हा वृत्तांत वाचण्याची पहिली रीत म्हणजे विवरें मोजणें. सारवलेल्या अंगणावर वळवाचे पहिले थेंब पडूं लागले म्हणजे त्यांच्या खुणा मोजतां येतात. अर्धें अंगण मघाशीं सारवलें असेल आणि अर्धें आतांच, तर मघाशीं सारवलेल्या भागावर थेंबांच्या खुणा अधिक दिसतील. मंगळाच्या बाबतींत लाव्हाचा नवा थर म्हणजे नवें सारवण. जेथें विवरें दाट तेथें जमीन जुनी. जेथें विरळ तेथें नवी. परंतु थेंब किती वेळांत किती पडतात हें कळल्यावांचून घटका-पळांचा हिशेब लागत नाहीं. तो दर चंद्रावरून कळला. १९६९ ते १९७२ या काळांत अपोलो यानांतून गेलेल्या माणसांनीं चंद्रावरचे दगड पृथ्वीवर आणले. त्या दगडांचें वय प्रयोगशाळेंत निघालें. ते जेथून उचलले तेथील विवरें छायाचित्रांतून मोजतां आलीं. या दोहोंचा मेळ घालून जें कोष्टक झालें, तेंच योग्य फेरफार करून मंगळास लावण्यांत येतें.

या रीतींत एक खोंच आहे, आणि ती डबरामुळें येते. अंगणांत आकाशांतून थेंब पडतात तशा वळचणीच्या पागोळ्याही पडतात. पागोळी थेंब समजून मोजली तर हिशेब चुकतो. मोठ्या आघाताच्या वेळीं उडालेले दगड दूरवर जाऊन पडतात आणि स्वतःचीं लहान लहान विवरें करतात. मंगळावर झुनिल नांवाचें सुमारें १० किलोमीटर रुंदीचें एक विवर आहे. त्याच्या डबराचे किरण दिवसाच्या छायाचित्रांत नीट दिसत नाहींत. रात्रीं जमिनीची उष्णता टिपणाऱ्या यंत्रानें पाहिलें तेव्हां ते शेंकडों किलोमीटर पसरलेले आढळले. या एका आघाताच्या डबरानें सुमारें एक कोटि लहान विवरें पाडलीं असावींत, असा अंदाज २००५ सालीं मांडण्यांत आला. म्हणजे कोटीभर आघातांचा पुरावा वाटावा, आणि मूळ आघात एकच! तेव्हांपासून लहान विवरांच्या संख्येवरून वय सांगतांना शास्त्रज्ञ फार जपून बोलतात.

आतां डबराची दुसरी साक्ष ऐकावी. १९७६ सालापासून व्हायकिंग यानांनीं पाठविलेल्या छायाचित्रांत मंगळावरील पुष्कळ विवरांभोंवतीं एक निराळाच देखावा दिसला. चंद्रावर विवराचें डबर कोरड्या धुळीसारखें विखुरलेलें असतें. येथें मात्र तें ओल्या चिखलासारखें वाहत जाऊन फुलाच्या पाकळ्यांसारखें पसरलेलें होतें, आणि त्याच्या कडेस चिखल थबकल्यासारखा बांध होता. आघाताच्या उष्णतेनें जमिनींत दडलेलें बर्फ वितळलें आणि त्यानें डबर भिजविलें, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. कांहीं शास्त्रज्ञ यांत तेथल्या हवेचाही हात आहे असें मानतात. तथापि जमिनीखालीं बर्फ असावें, अशी शंका तेव्हांपासून दृढ झाली.

शंकेची खात्री करून दिली ती ताज्या आघातांनीं. मंगळाभोंवतीं फिरणारीं यानें त्याच त्याच जागेचीं छायाचित्रें वारंवार घेतात. आधींच्या चित्रांत नसलेला काळा डाग पुढच्या चित्रांत दिसला, तर मधल्या काळांत तेथें दगड पडला, हें निश्चित होतें. २००८ सालीं अशा कांहीं नव्या विवरांत पांढरेंशुभ्र कांहींतरी दिसलें. तीं विवरें लहान, एखाद्या दिवाणखान्याएवढीं होतीं. पुढील महिन्यांत तो शुभ्रपणा हळूहळू मावळत गेला. तेथल्या विरळ हवेंत उघडें पडलेलें बर्फ पाणी न होतां सरळ वाफ होऊन उडून जातें. त्याचाच हा परिणाम. पांढऱ्या भागाचा वर्णपट तपासला, तोही पाण्याच्या बर्फाचाच निघाला. यांतील हुरहुर लावणारी गोष्ट अशी, कीं व्हायकिंग-२ हें यान १९७६ सालीं याच प्रदेशाच्या आसपासच्या अक्षांशावर उतरलें होतें आणि त्यानें आपल्या यांत्रिक हातानें माती खणलीही होती. तो हात आणखी चार-सहा बोटें खोल जाता, तर बर्फ तेव्हांच हातीं लागण्याचा फार संभव होता, असा हिशेब नंतर करण्यांत आला. यंत्राचा हात जेथें पुरला नाहीं, तेथें आकाशांतून आलेल्या दगडानें खणून दाखविलें.

याहून मोठी घटना २०२१ च्या डिसेंबरमध्यें घडली. मंगळावर इनसाइट नांवाचें यान २०१८ पासून एक भूकंपमापक यंत्र घेऊन बसलें होतें. २४ डिसेंबर रोजीं त्या यंत्रानें चार प्रतीच्या कंपाची नोंद केली. कंपाचे तरंग एरवींच्या तरंगांहून निराळे, पृष्ठभागावरून सरकत आलेले होते. असे तरंग पृथ्वीखेरीज दुसऱ्या कोणत्याही ग्रहावर तोंवर नोंदले गेले नव्हते. त्याचें कारण कांहीं आठवड्यांनीं उमगलें. दुसऱ्या यानाच्या छायाचित्रांत, इनसाइटपासून सुमारें ३,५०० किलोमीटर अंतरावर, एक नवें विवर दिसलें. रुंदी सुमारें १५० मीटर, खोली सुमारें २१ मीटर. हवामान टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या रोजच्या चित्रांवरून तें त्याच दिवशीं झाल्याचें ठरलें. पडलेला दगड ५ ते १२ मीटरांचा असावा. त्यानें उडविलेलें डबर ३७ किलोमीटरपर्यंत जाऊन पडलें होतें. आणि विवराच्या कांठावर बर्फाचे मोठमोठे गोटे विखुरले होते. मंगळाच्या विषुववृत्ताच्या इतक्या जवळ जमिनीखालचें बर्फ त्यापूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें.

एका आघाताची अशी दुहेरी साक्ष मिळाली. वरून डोळ्यांनीं डबर पाहिलें. खालून यंत्रानें हादरा ऐकला. अंतर ठाऊक, हादऱ्याचें बळ ठाऊक, विवराचा आकार ठाऊक. त्यामुळें मधल्या कवचांतून तरंग किती वेगानें गेले हें काढतां आलें आणि मंगळाच्या कवचाची घडण समजण्यास मदत झाली. पुढें मंगळावर माणूस उतरलाच, तर त्याला पिण्यास पाणी कोठें मिळेल, या प्रश्नाच्या दृष्टीनेंही त्या बर्फाच्या गोट्यांचें महत्त्व मोठें आहे. इनसाइटचें काम २०२२ च्या डिसेंबरांत थांबलें. त्याच्या सौरपट्ट्या धुळीनें झांकून गेल्या होत्या.

विवराचा आणखी एक उपयोग लोणार पाहिलेल्यांस सहज ध्यानांत येईल. खोलगट जागा असली म्हणजे तिच्यांत पाणी सांचतें, आणि पाण्याबरोबर गाळ येतो. गाळाचे थर म्हणजे त्या प्रदेशाच्या हवापाण्याची रोजनिशीच. म्हणून मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा शोधण्यासाठीं यानें विवरांतच उतरविण्यांत आलीं. क्युरिऑसिटी ही गाडी २०१२ सालीं १५४ किलोमीटर रुंदीच्या गेल विवरांत उतरली. तेथें तिला जुन्या सरोवराच्या तळाचे थर सांपडले. पर्सिव्हरन्स ही गाडी २०२१ सालीं जेझेरो विवरांत उतरली. जेझेरो या शब्दाचा अर्थच कित्येक स्लाव्ह भाषांत सरोवर असा आहे. सुमारें ४५ किलोमीटर रुंदीच्या या विवरांत साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीं एक नदी येऊन मिळत होती. तिच्या मुखाशीं सांचलेला गाळाचा त्रिकोण अजून स्पष्ट दिसतो. काळ्या दगडांतलें विवर आणि त्यांतलें सरोवर, हें लोणारचें रूप मंगळावर एके काळीं पुष्कळ ठिकाणीं होतें. जन्मापासून मृत ठरविलेल्या ग्रहाच्या व्रणांत पाणी खेळत होतें!

आतां आपण शेरघाटीच्या दगडाकडे परत वळूं. बहुतेक उल्कापाषाणांचें वय साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास निघतें. शेरघाटीचा दगड, १८१५ सालीं फ्रान्समध्यें शासिन्यी येथें पडलेला दगड आणि १९११ सालीं इजिप्तमध्यें नखला येथें पडलेला दगड, हे मात्र लाव्हा निवून झालेले असून त्यांचें वय पुष्कळच कमी निघालें. ज्या ग्रहावर इतक्या उशीरापर्यंत लाव्हा वाहत होता, अशाच ग्रहावरून ते आले असले पाहिजेत. संशय मंगळावर गेला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुढें १९७९ सालीं दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडांत याच जातीचा एक दगड मिळाला. त्यांत आघातानें वितळून झालेल्या काचेचे मणी होते, आणि त्या काचेंत वायूचे सूक्ष्म बुडबुडे अडकलेले होते. डोनाल्ड बोगार्ड व प्रॅट जॉन्सन यांनीं ते वायू तपासले व आपला निष्कर्ष १९८३ सालीं प्रसिद्ध केला. व्हायकिंग यानांनीं १९७६ सालीं मंगळाच्या हवेचें जें पृथक्करण केलें होतें, त्याच्याशीं हे वायू जुळले. ज्या आघातानें दगड उडविला, त्याच आघातानें मंगळाच्या हवेचा एक श्वास त्यांत कोंडून मोहरबंद केला होता.

मंगळाच्या ओढींतून सुटण्यास एका सेकंदास ५ किलोमीटर वेग लागतो. मोठ्या आघाताच्या वेळीं पृष्ठभागाजवळचे कांहीं खडक इतक्या वेगानें उडतात. शेरघाटीचा दगड असा उडून सुमारें पंचवीस-तीस लक्ष वर्षें अवकाशांत भटकला आणि मग बिहारच्या मातींत पडला. त्यांतलें मॅस्केलिनाइट मंगळावरच्या आघाताची खूण आहे. लोणारचें मॅस्केलिनाइट लोणारच्याच आघाताची. खूण एक, ग्रह दोन. ही देवघेव दुसऱ्या बाजूनेंही होते. २००५ सालीं ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मंगळावर स्वतःच टाकून दिलेल्या उष्णतारोधक ढालीचे अवशेष पाहावयास गेली असतां तिला शेजारीं लोखंडाचा एक गोटा पडलेला आढळला. तो मंगळाचा नव्हता. अवकाशांतून येऊन पडलेला उल्कापाषाण होता. परग्रहावर मिळालेला हा पहिलाच उल्कापाषाण.

तथापि मंगळाहून आपोआप आलेल्या या दगडांत एक उणीव आहे. ते पत्ता नसलेल्या पत्रांसारखे आहेत. मजकूर वाचतां येतो, पण तो मंगळावरच्या कोणत्या गांवाहून आला हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. पर्सिव्हरन्स गाडीनें जेझेरोंतील खडकांचे नमुने नळ्यांत भरून, जागेची नोंद करून ठेवले आहेत. ते नमुने पृथ्वीवर आणतां आले तर विवरें मोजून लावलेला काळाचा हिशेब प्रथमच मंगळाच्याच दगडावर पडताळून पाहतां येईल. आजवर तो चंद्राच्या दगडांवर बेतलेला आहे.

मंगळावरच्या लहान विवरांस पृथ्वीवरील लहान गांवांचीं नांवें द्यावयाचीं आणि मोठ्या विवरांस दिवंगत शास्त्रज्ञ वगैरेंचीं, असा आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघाचा प्रघात आहे. त्या प्रघातानें आपल्या पुणें जिल्ह्यांतील भोर हें नांव मंगळावर गेलें आहे. २०२४ सालीं ६५ किलोमीटर रुंदीच्या एका विवरास भारतीय शास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांचें नांव मिळालें. उल्कापाषाणांवर अवकाशांतील किरणांनीं उमटविलेल्या खुणा वाचण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें होतें. आणि मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडील एका विवराचें नांव लोणार असें आहे.

आपल्या पूर्वजांनीं मंगळास भौम, म्हणजे भूमीचा पुत्र, म्हटलें. आईच्या बाळपणाच्या गोष्टी मुलानें सांगाव्या, ही रीत जगांत उलटी खरी. परंतु पृथ्वी स्वतःच्या पहिल्या अब्ज वर्षांचें जें जें विसरली आहे, त्यांतलें पुष्कळसें या भौमाच्या अंगावरील व्रणांतच वाचावें लागणार आहे. मात्र वाचतांना १९६५ सालची घाई करूं नये, एवढें पथ्य पाळलें पाहिजे.